पाठीवरचे बीज

मुलांच्या खेळांकडे वडील माणसे बहुधा दोनच दृष्टींनी पाहतात. एक, त्यांनी डोळे बिघडतात. दुसरी, त्यांनी अभ्यास बुडतो. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती निदान एकदा नीट पाहून घ्यावी, हा शास्त्रार्थाचा जुना नियम आहे. पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून खंडनास हात घालू नये, असे आम्हांस लहानपणी शिकविले गेले. त्या नियमास अनुसरून पोकेमॉन नावाच्या जपानी खेळातील एका प्राण्याचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे. हा प्राणी अर्धा वनस्पती आहे. त्याचे नाव बल्बासॉर.

ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत अशा वाचकांसाठी थोडे प्रास्ताविक अवश्य आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ प्रथम विक्रीस आला. खेळणाऱ्याने रानावनांतून हिंडावे, तेथील नाना प्रकारचे प्राणी पकडावे, त्यांना शिकवून तयार करावे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावावी, असे त्याचे स्वरूप. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे टोकियोजवळच्या माचिदा येथे वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढे शहर पसरले, शेते आणि डबकी बुजली, त्यांवर इमारती उठल्या, आणि किडे पकडावयास जागा उरली नाही. शोधण्याचा व गोळा करण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांना निराळ्या मार्गाने मिळावा, ही या खेळामागील एक प्रेरणा होती. दोन यंत्रे तारेने जोडून मुलांनी आपापले प्राणी एकमेकांस द्यावे-घ्यावे, ही सोय प्रथमपासूनच होती. पहिल्या खेळात प्राण्यांच्या १५१ जाती होत्या. आज ती संख्या हजाराच्या वर गेली आहे. त्या साऱ्यांच्या सूचीत पहिल्या क्रमांकावर जो बसला आहे, तोच हा बल्बासॉर.

खेळाच्या आरंभी एक वृद्ध प्राध्यापक नवख्या खेळाडूपुढे तीन प्राणी ठेवतात व त्यांतून एक निवडावयास सांगतात. एक अग्नीचा, एक जलाचा आणि एक वनस्पतीचा. या प्राध्यापकांचे जपानी नाव 'ओकिदो' हे ऑर्किड या फुलाच्या नावावरून घेतले आहे, आणि पुढील खेळांतही प्राध्यापकांस झाडाझुडपांची नावे देण्याची परंपरा चालू राहिली. विद्या देणाऱ्यास झाडाचे नाव द्यावे, ही कल्पना मला तरी फार आवडली.

बल्बासॉर दिसावयास बेडकासारखा रुंद तोंडाचा, चार पायांवर चालणारा, निळसर हिरव्या वर्णाचा आहे. उंची ०.७ मीटर आणि वजन ६.९ किलो, असे खेळात नमूद आहे. त्याच्या पाठीवर लसणीच्या गड्ड्यासारखा एक मोठा हिरवा कंद असतो. जन्माच्या वेळीच त्याच्या पाठीवर एक अद्भुत बीज पेरले गेलेले असते आणि ते त्याच्याबरोबर वाढत जाते, असे त्याचे वर्णन आहे. लहान असताना तो त्या बीजातील सत्त्वावर पोसला जातो. अन्नाचा एक कणही न मिळता तो कित्येक दिवस राहू शकतो, कारण त्याची शिदोरी त्याच्या पाठीवरच असते. उन्हात पडून झोप काढणे हा त्याचा आवडता उद्योग. त्या उन्हाने बीज हळूहळू मोठे होते.

संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्याला अशा प्राण्याच्या नावाची व्युत्पत्ती पाहिल्यावाचून राहवत नाही. जपानीत त्याला 'फुशिगिदाने' म्हणतात. 'फुशिगि' म्हणजे अद्भुत, आणि 'ताने' म्हणजे बीज. समास होताना 'ता'चा 'दा' होतो. परंतु तीच अक्षरे जरा निराळी तोडून वाचली की 'फुशिगि दा ने' असे वाक्य निघते, आणि त्याचा अर्थ 'नवल आहे, नाही का?' असा होतो. सभंग श्लेषाचा याहून सुबोध मासला वर्गात देणे कठीण. तो थोडा मोठा झाला म्हणजे त्याच्या नावात बीजाच्या जागी गवत येते, आणि पूर्ण वाढल्यावर फूल. इंग्रजीत या तीन अवस्थांस बल्बासॉर, आयव्हीसॉर आणि व्हीनसॉर अशी नावे आहेत. बीज, तृण, पुष्प हा जपानी क्रम मात्र अधिक सरळ आहे, आणि एका आयुष्याचा सारा आलेख त्यात आला आहे.

आता याचे वर्गीकरण कसे करावे? ऐतरेय उपनिषदात सजीवांचे चार वर्ग सांगितले आहेत. अंड्यातून येणारे ते अंडज, वारेतून येणारे ते जरायुज, घामातून उत्पन्न होतात असे मानलेले ते स्वेदज, आणि भूमी फोडून वर येणारे ते उद्भिज्ज. बल्बासॉर या चौकटीत बसत नाही. १९९९ च्या खेळापासून त्याची पिले अंड्यातून निघू लागली, तेव्हा देहाने तो अंडज; पण पाठ फोडून जे वर येते ते उद्भिज्ज. पाठीवरचे झाड प्राण्याला पोसते की प्राणी झाडाला, असे कोणी विचारल्यास बीजांकुरन्यायाचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर नाही. बीज आधी की अंकुर आधी, याचा निर्णय जसा होत नाही, तसाच याचाही होत नाही.

ही सारी कविकल्पना आहे, सृष्टीत असे कोठे असते काय, अशी शंका सुज्ञ वाचकांस येईल. सृष्टीतही याचे दोन जवळचे आप्त आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ठिपकेदार सॅलमँडर नावाचा एक उभयचर प्राणी आढळतो. दिसावयास तो पालीसारखा असतो. त्याची अंडी पाण्यात असताना हिरवट दिसतात, कारण त्यांत एका जातीचे शेवाळ राहावयास येते. गर्भाच्या उत्सर्गावर शेवाळ वाढते, आणि शेवाळाने सोडलेला प्राणवायू गर्भाच्या उपयोगी पडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे शेवाळ गर्भाच्या पेशींच्याही आत शिरलेले आढळले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या पेशीत हिरवे शेवाळ, हे शास्त्रज्ञांनाही नवे होते. दुसरा आप्त म्हणजे त्याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक समुद्री गोगलगाय. ती शेवाळ खाते, पण त्यातील हरितकण पचवून न टाकता आपल्या अंगात राखून ठेवते. तिचा देह पानासारखा हिरवागार आणि पसरट होतो, आणि पुढे कित्येक महिने अन्नावाचून ती जगू शकते. त्या हरितकणांचा तिला नेमका किती उपयोग होतो, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. तात्पर्य, एका जीवाने दुसऱ्याला अंगावर वागवावे आणि त्या भाराने स्वतः पोसले जावे, ही गोष्ट निसर्गाला अपरिचित नाही.

परंतु अंगावर वाढणारे सारेच पोसणारे नसते, हे आपल्या आमराईत जाणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ उगवते. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याचे चिकट बी फांदीवर टाकतो, ते बी सालीत मूळ घालते आणि आंब्याचे पाणी व क्षार ओढून घेते. वरून पाहणाऱ्यास झाड अधिक गर्द दिसते, आतून फांदी वाळत असते. याउलट सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी फुलते. तीही झाडावरच राहते, पण ती केवळ आधारापुरती. झाडाचा रस ती घेत नाही, आणि झाडाला देतही नाही. बल्बासॉरच्या पाठीवरचे बीज या दोहोंपेक्षा निराळे आहे, कारण ते ज्याच्या पाठीवर असते त्यालाच आधी खाऊ घालते.

विशेष असे की, खेळ रचणाऱ्यांनी याच प्राण्याच्या हाती दुसऱ्या प्रकारचे बीजही दिले आहे. त्याच्या एका अस्त्राचे नाव 'लीच सीड'. लीच म्हणजे जळू. हे बी तो झुंजीत प्रतिपक्ष्यावर टाकतो. ते त्याच्या अंगावर रुजते, दर खेपेस त्याची थोडी शक्ती शोषून घेते आणि ती टाकणाऱ्याकडे पोहोचविते. म्हणजे एकाच प्राण्यापाशी दोन बीजे आहेत. पाठीवर घेतलेले बीज धारण करणाऱ्यास पोसते. दुसऱ्यावर टाकलेले बीज टाकणाऱ्यास पोसते. बाहेरून दोन्ही बीजेच. भेद इतकाच की, रस कोणत्या दिशेने वाहतो.

माझ्या लेखाचा सारा मुद्दा या एका भेदात आहे. आपण एकत्र कुटुंबात राहणारी माणसे जन्मतःच मुलांच्या पाठीवर बीजे पेरीत असतो. त्यास आपण संस्कार म्हणतो, परंपरा म्हणतो, घराण्याचे नाव म्हणतो. हल्लीच्या काही विचारवंतांचे म्हणणे असे की, मुलाच्या पाठीवर काहीच ठेवू नये, त्यास मोकळे वाढू द्यावे. हे मला पटत नाही. पाठीवर काहीच नसलेले मूल उपासाच्या दिवसांत काय खाईल? आयुष्यात असे दिवस प्रत्येकास येतात. त्या वेळी लहानपणी पाठ झालेले चार श्लोक किंवा आजीने शिकविलेला नीटनेटकेपणा ही शिदोरी उपयोगी पडते. बीज अवश्य पेरावे. मात्र पेरताना स्वतःस एक प्रश्न विचारावा: याचा रस पुढे कोणीकडे वाहणार आहे?

हा प्रश्न आमच्या घरात नुकताच प्रत्यक्ष उभा राहिला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. आमच्या थोरल्या बंधूंची नात यंदा दहावीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. घरात दोन पिढ्या अभियंते आहेत. मुलीचे गणित चांगले असल्यामुळे तीही त्याच वाटेने जाणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. तिने मात्र आपणांस इतिहास शिकावयाचा आहे असे सांगितले. त्यावर रात्रीच्या जेवणानंतर घरात बरीच चर्चा झाली. एका वडीलधाऱ्या आप्तांनी म्हटले, "आजवर या घरातून कोणी कला शाखेला गेलेले नाही. चार लोकांत आम्ही काय सांगावयाचे?" वहिनी, म्हणजे मुलीच्या आजी, बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "पोरीला गणित येतं. हातची विद्या सोडू नये, एवढंच मला वाटतं. उद्या एकटीवर वेळ आली, तर तिला आधार होईल."

दोघांचाही सल्ला एकच होता. पण पहिल्या वाक्यातले बीज जळूचे आहे. त्याचा रस मुलीकडून आमच्या प्रतिष्ठेकडे वाहतो. दुसऱ्यातले बीज पाठीवरचे आहे. त्याचा रस आमच्या काळजीतून मुलीकडे वाहतो. मुलांना हा भेद आपल्यापेक्षा लवकर कळतो. पहिले वाक्य ऐकून मुलगी ताठ झाली. दुसरे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ती आजीजवळ जाऊन बसली. शेवटी तिने इतकेच मागितले की, आठ दिवस कोणी हा विषय काढू नये, मग मी काय ते सांगेन. ते सर्वांनी मान्य केले. हे लिहीत आहे तो चौथा दिवस आहे, आणि घरात सर्वजण पावसाविषयी फार बोलत आहेत.

तिचा निर्णय काय होईल हे मी जाणत नाही, परंतु बल्बासॉरच्या वाढीविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कंद मोठा होत गेला की आयव्हीसॉरला मागच्या पायांवर उभे राहता येईनासे होते, असे त्याच्या वर्णनात आहे. तेव्हा त्याचे वजन १३ किलो झालेले असते. पुढे व्हीनसॉर झाल्यावर ते १०० किलो होते. ज्या बीजाने लहानपणी पोसले तेच मध्यावस्थेत पाठ वाकविते. म्हणून पोसणारे बीजही निर्भार असते असे कोणी समजू नये. चांगल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची पाठ वाकलेली दिसते ती अनेकदा याच कारणाने. त्या वयात त्यांस उपदेशापेक्षा ऊन अधिक लागते.

खेळात हे रूपांतर १६ व्या आणि ३२ व्या पायरीवर होते. परंतु खेळणाऱ्याने ऐन वेळी एक कळ दाबली तर ते थांबते, आणि प्राणी आहे त्याच रूपात राहतो. तेथे कळ दाबणारा मालक असतो. याच खेळावर आधारलेल्या दूरचित्रवाणीवरील चित्रकथेत मात्र एक निराळा प्रसंग आहे. तो भाग जपानात १९९८ साली दाखविला गेला. एका गुप्त उद्यानात पुष्कळ बल्बासॉर रूपांतरासाठी जमतात, आणि एक थोर व्हीनसॉर त्या सोहळ्याचा अध्यक्ष असतो. कथानायक अ‍ॅश याच्या बल्बासॉरचा कंद इतरांप्रमाणेच उजळू लागतो. पण त्याला रूपांतर नको असते, आणि तो ते सर्व शक्तीनिशी रोखून धरतो. वडीलधारा व्हीनसॉर संतापतो. साऱ्या ज्ञातीचा सोहळा आणि हा एकटा नाही म्हणतो! अ‍ॅश आपल्या सोबत्याच्या बाजूने उभा राहतो. शेवटी वृद्धाचा राग निवळतो, आणि बल्बासॉर आपल्याच रूपात पुढच्या प्रवासास निघतो. त्याने बीज उपटून फेकले नाही, हे लक्षात घ्यावे. ते त्याच्या पाठीवर तसेच राहिले. त्याने फक्त वेळ आपल्या हाती ठेवली. हा प्रसंग माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने मला शेजारी बसवून दाखविला. तो संपल्यावर त्याने विचारले, "आबा, तो म्हातारा रागावला, पण नंतर ऐकलं ना त्याने?" मी म्हटले, "ऐकलं." त्यावर त्याने समाधानाने मान हलविली.

आता आरंभी म्हटलेल्या दोन तक्रारींकडे वळतो. डोळे आणि अभ्यास यांविषयीची काळजी रास्त आहे. आमच्या घरी हा खेळ रोज अर्धा तास, जेवणाच्या वेळी मुळीच नाही, आणि वडील माणसाला विचारल्यावाचून त्यावर एक पैसाही खर्च करावयाचा नाही, असा नियम आहे. तो नियम पाळला जातो, कारण मुलाला त्याचे कारण समजावून दिले आहे. परंतु येथेही रसाच्या दिशेची परीक्षा लावून पाहावी. पाहुणे आले असता मुलाने मध्ये बोलू नये म्हणून जे आईबाप त्याच्या हाती स्वतः होऊन मोबाईल देतात, तेच दुसऱ्या दिवशी त्याला मोबाईलवेडा म्हणून रागावतात. त्या क्षणी यंत्र कोणाच्या सोयीसाठी दिले गेले? जे यंत्र आपल्या शांततेसाठी मुलाच्या हाती जाते ते जळूचे बीज होय, मग त्यातील खेळ कितीही निरुपद्रवी असो. उलट मुलाजवळ बसून दहा मिनिटे तोच खेळ पाहिला, हा प्राणी असा का, तो झाडासारखा ऊन का खातो, असे विचारले, तर त्याच यंत्रातून वनस्पतिशास्त्राचा एक धडा निघतो. आमच्या नातवाने त्यानंतर गॅलरीतील कुंडीत लसणीची एक पाकळी खोचली आहे, आणि रोज सकाळी तो ती पाहून येतो.

व्हीनसॉरच्या पाठीवर अखेर मोठे फूल उमलते. त्या फुलाच्या सुगंधाने आसपासच्या माणसांची मने शांत होतात, असे वर्णन आहे. ते फूल उमलावे म्हणून तो सतत सूर्यप्रकाशाच्या शोधात फिरत असतो. त्याला कोणी उचलून उन्हात ठेवीत नाही. आपल्या घरांतील मुलांच्या पाठीवर पूर्वजांनी आणि आपण मिळून बरेच काही पेरले आहे. आता आपण त्यांच्या उन्हाच्या आड उभे राहिलो नाही, म्हणजे पुष्कळ झाले.